पाच नंबर रिकामा होता

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासाठी सगळ्यात आधी कव्हर शिवलं गेलं. आईने जुन्या पडद्याचं कापड काढलं, कडेने झालर लावली आणि मॉनिटर, सीपीयूचा डबा, कीबोर्ड अशा तिघांना तीन अंगडी चढवली. अंबरनाथच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये तेव्हा असं यंत्र एखाद-दुसऱ्या साहेबाकडेच होतं, आणि आप्पा काही साहेब नव्हते, नुकते फोरमन झाले होते. त्यामुळे ते बाहेरच्या खोलीत, दारातून जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असं मांडलं गेलं. ही बाहेरची खोली पाहुण्यांची. पाहुणे फक्त गणपतीत यायचे, पण खोली बारा महिने त्यांची असायची, आणि मी अभ्यासाला स्वयंपाकघरात फडताळाला टेकून बसायचे. कॉम्प्युटर आला तसा दादाचा पलंग त्या खोलीत गेला, कारण यंत्र दादाचं होतं. असं कोणी म्हटलं नव्हतं. आमच्या घरात बऱ्याच गोष्टी न बोलता ठरायच्या आणि त्या ठरल्याचं मला जेवताना कळायचं.

दिवस कारखान्याच्या भोंग्यावर चालायचा. सकाळचा भोंगा झाला की आप्पांची सायकल निघे, दुपारचा झाला की ते जेवायला येत आणि जेवून उठले की पुढच्या भोंग्याला परत जात. त्या दोन भोंग्यांच्या मध्ये आईला श्वास घ्यायला फुरसत नसे. आई बदलापूरची, म्हणजे जुन्या कुळगावातली. तिच्या हातची तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं यांवर आमचं घर उभं होतं असं म्हटलं तरी चालेल. वाल आदल्या दिवशी भिजवायचे, मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. हे सोलणं माझ्याकडे. बोटांची टोकं सुरकुतून पांढरी व्हायची आणि त्याच बोटांनी मी संध्याकाळी बी.एस्सी.च्या वह्या उतरवायचे. दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तो बी.कॉम.ला एकदा अडकला होता आणि आता ‘कॉम्प्युटरमध्ये काहीतरी’ करणार होता. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते. त्याने माझं काही हिसकावून घेतलं नाही. घरचे त्याच्या पानात वाढत गेले आणि तो जेवत गेला.

यंत्र आणलं होतं उल्हासनगरातून, कॅम्प दोनच्या बाजारात गोपशेठ नावाच्या सिंधी व्यापाऱ्याकडून. गोपशेठचं दुकान पूर्वी रेडिओचं होतं, मग टेपरेकॉर्डरचं झालं, आता कॉम्प्युटरचं. सुटे भाग आणून तो मशीन जुळवून द्यायचा. आप्पा रिक्षात मॉनिटर मांडीवर घेऊन आले, मागच्या रिक्षात दादा डबा घेऊन. त्या डब्यात गोपशेठने आपल्या मर्जीने एक जुनं मोडेम कार्ड बसवून दिलं होतं. फोनची तार त्यात खोचायची म्हणजे मशीन फोनवरून दुसऱ्या मशीनशी बोलतं. दादाला त्याचंच वेड लागलं होतं. त्याशिवाय कॉम्प्युटर म्हणजे नुसता टाइपरायटर, असं त्याने आप्पांना पटवलं होतं, आणि आप्पांना ते पटलं होतं कारण ते दादा म्हणाला होता.

पण झालं असं, की मोडेमने फोन उचलला की माऊस मरायचा. किर्रर्र, खर्रर्र असा तो विचित्र आवाज सुरू झाला की पडद्यावरचा बाण जिथे असेल तिथे थिजायचा. मग दादा माऊस आपटायचा, त्याच्या पोटातली रबरी गोळी काढून बनियनला पुसायचा, माऊसखाली वही घ्यायचा, वहीखाली पाट घ्यायचा. माऊसची तार काढून मशीन पुन्हा सुरू केलं की मोडेम झकास चालायचं, पण माऊसशिवाय दादाला काही करता यायचं नाही. गोपशेठने माऊस बदलून दिला. नवाही मेला. शेवटी दुकानातली पोरं घरी येऊन झाकण उघडून बघून गेली आणि त्यांनी निदान केलं: ‘लड रहे हैं.’ उल्हासनगरच्या बाजारात हाच शब्द होता. दोन कार्डांचं जमलं नाही की ती ‘लढतात’. आणि त्यावर बाजारात औषधही एकच होतं. गोपशेठने फोनवर आप्पांना ते सांगितलं, ‘साहब, एक को निकाल दो. फिर देखो, मशीन मक्खन चलेगा.’ आप्पांना हे फार आवडलं. कारखान्यात त्यांच्या हाताखालच्या दोन माणसांचं पटेनासं झालं की तेही हेच करत, एकाची बदली. ते दिवसभर घरात म्हणत होते, बरोबर आहे त्याचं, एका म्यानात... आणि पुढचं अर्धवट सोडून हात झटकत होते.

आज हे सगळं कोणाला सांगितलं तर खोटं वाटतं. माझा भाचा मागे सुट्टीला आला होता, त्याने माझ्या लॅपटॉपला पाच मिनिटांत काय काय खोचलं आणि सगळं चालू झालं. तो म्हणाला, ‘आत्या, यात रिपेअर करण्यासारखं असतं तरी काय?’ बरोबर आहे त्याचं. आता आत काय चाललंय ते कोणाला दिसत नाही. तेव्हा दिसायचं. प्रत्येक कार्डाला आतून एक नंबर लागायचा. काही काम निघालं की ते कार्ड त्या नंबरावरून मुख्य चिपला हाक मारायचं, चिप हातातलं सोडून त्याच्याकडे बघायची. नंबर मोजकेच. एकाच नंबरावरून दोघांनी हाक मारली तर चिपला कळत नाही कोणाला ओ द्यायची, आणि मग एकाचा गळा बंद होतो. हे मला कोणी शिकवलं नाही. दादा बाहेर गेला की मी बाहेरच्या खोलीत जाऊन बसायचे, झालरीचं कव्हर काढून, आणि मशीनसोबत आलेला तपासणीचा एक प्रोग्रॅम होता तो उघडून बघायचे. त्यात कोणत्या नंबरावर कोण बसलंय हे ओळीने दिसायचं. चारवर माऊस होता. मोडेमच्या नावापुढेही चारच. म्हणजे दोघं चारवर.

एका दुपारी वाल सोलता सोलता मी हे आईला सांगत होते. आप्पा जेवून गेले होते, ती विळीवर नारळ खवत होती. तिने मान वर न करता विचारलं, ‘मंग दोगांचा झगडा कशापायी?’ मी म्हटलं, ‘एकाच नंबरावर दोघं बसलेत. दुकानवाले म्हणतात, एकाला काढा.’ खवणं थांबलं. ‘काढायचा कशाला?’ आई म्हणाली. ‘शाळंत दोन पोरी एका बाकावर भांडायला लागल्या तर मास्तर शाळंतून काढतो काय? उठवायची एकीला, दुसऱ्या बाकावर बसवायची. बाक नाय काय दुसरा?’ आई सातवीपर्यंत शिकलेली. मी तशीच, हात न धुता बाहेरच्या खोलीत पळाले.

बाक होता. पाच नंबर रिकामा होता. म्हणजे अगदी मोकळा नव्हता, त्याच्यापुढे ‘दुसरा प्रिंटर’ असं लिहिलं होतं. आमच्या घरात पहिलाही प्रिंटर नव्हता. दुसरा कधीतरी येईल म्हणून ती जागा राखून ठेवली होती आणि इकडे दोघं एका जागेसाठी एकमेकांचा जीव घेत होते. मी स्क्रू काढले, झाकण बाजूला केलं. मोडेमच्या कार्डावर बारीक पितळी काट्यांची एक रांग होती, त्यांच्या शेजारी आकडे छापलेले, आणि चारच्या काट्यांवर डाळीच्या दाण्याएवढी काळी टोपी. तिला जंपर म्हणतात. भुवया कोरायच्या चिमट्याने मी ती टोपी उचलली आणि पाचवर बसवली. काही जळलं असतं तर त्या घरात माझी धडगत नव्हती. मग मशीनलाही सांगावं लागतं, की बाबा, हा आता इथे बसतो, ते सांगितलं. फोनची तार खोचली. किर्रर्र, खर्रर्र झालं आणि मी माऊस हलवला. बाण हलला. डावीकडे नेला, डावीकडे गेला. उजवीकडे नेला, उजवीकडे गेला. मी त्या आवाजावर तो बाण नुसता गोल गोल फिरवत बसले. त्याच्याइतका निखळ आनंद मला पुढे ना लग्नात झाला, ना मुलं झाली तेव्हा. हे लिहिल्याबद्दल माझ्या मुलांना वाईट वाटलं तर वाटू दे.

रविवारी गोपशेठ स्वतः घरी आला, दाल-पकवानचा पुडा घेऊन. पांढरा सफारी, कपाळावर घाम, दारातच आईला ‘अदी, पानी पिलाओ’ म्हणाला. अदी म्हणजे सिंधीत बहीण. त्याने माऊस फिरवून पाहिला, मोडेमचा आवाज ऐकला, डबा उघडायला लावला आणि चष्मा कपाळावर चढवून त्या काळ्या टोपीकडे बघत राहिला. ‘किसने किया?’ दादा हसला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, ‘हिने.’ म्हटलं ना, तो खोटं बोलणारा नव्हता. गोपशेठने मला दोन-तीन प्रश्न विचारले, मी चिमटा दाखवून सांगितलं, एका लाइनीवर दोघं चालत नाहीत, म्हणून मोडेमला चारवरून पाचवर नेलं. ‘वाह, बेटी,’ म्हणाला. मग आप्पांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बाहेर घेऊन गेला. दोघं जास्वंदीपाशी कितीतरी वेळ बोलत उभे होते. मला खिडकीतून गोपशेठचे हात हलताना दिसत होते, शब्द कळत नव्हते. मी पकवानाचा तुकडा तोंडात धरून उभी होते आणि मनात दुकान मांडत होते. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष संपत आलं होतं. पुढे काय, याचं मला पहिल्यांदाच काहीतरी चित्र दिसत होतं: एक टेबल, वर दिवा, समोर उघडलेला डबा आणि हातात माझा चिमटा.

ठरलेलं मला जेवतानाच कळलं. गोपशेठ अंबरनाथ स्टेशनजवळ नवीन दुकान काढत होता, दुरुस्तीचं. अवी तिथे जाणार. अवी म्हणजे दादा. मी घास खाली ठेवला. ‘अवी का?’ मी म्हटलं. ‘ते मी केलं होतं.’ आप्पा शांतपणे भाकरीचा तुकडा मोडत होते. ‘तू केलंस, नाही कोण म्हणतंय? कौतुकच आहे. पण त्याला एकच माणूस पाहिजे.’ ‘मग एक मी जाते.’ दादा ताटाकडे बघत होता. आप्पांचा आवाज चढला नाही, त्यांचा आवाज कधीच चढत नसे. ‘सुजाता, तूच सांगितलंस ना आम्हाला? एका लाइनीवर दोघं चालत नाहीत. एकाला काढावं लागतं.’

मी पहिलं वाक्य म्हटलं होतं. दुसरं मी कधीही म्हटलं नव्हतं. दुसरं बाजाराचं होतं, आणि ते चुकीचं आहे हे मी याच घरात, त्याच खोलीत करून दाखवलं होतं. पण ते वाक्य माझ्या नावावर लावून आप्पांनी माझ्या ताटात वाढलं. मी आईकडे बघितलं. ती ओट्यापाशी पाठमोरी, सकाळच्या बिरड्यासाठी नारळ खवत होती. तिने फक्त म्हणायचं होतं, बाक नाय काय दुसरा? एवढंच. तिला ते माहीत होतं, तिनेच मला सांगितलं होतं. मी खवण्याचा आवाज थांबायची वाट बघत होते. तो थांबला नाही. नारळाची वाटी संपली तरी ती करवंटी खरवडत राहिली. आप्पांचा मला राग आला तो बाहेर पडला, त्याचं एवढं काही नाही. आईचा आला तो अजून आत आहे, आणि तिला जाऊन इतकी वर्षं झाली तरी वालाला मोड आलेले दिसले की वर येतो.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. दादा दुकानात जाऊ लागला. संध्याकाळी येताना कापडी पिशवीतून कार्डं घेऊन यायचा, मुकाट्याने फडताळाशेजारी ठेवायचा. मी सोललेल्या वालांची परात बाजूला सारून ती बघायचे, टोप्या इकडच्या तिकडे करायचे, कोणत्या नंबरावर काय बसवायचं हे त्याला पाठ करून द्यायचे. सकाळी तो घेऊन जायचा. स्टेशनजवळच्या त्या दुकानात त्याचा हात फार चांगला आहे अशी ख्याती झाली. आप्पा क्वार्टर्समध्ये ते सगळ्यांना सांगत. मग माझं लग्न झालं, आईच्याच कुळगावात. घर शेतीतून वर आलेलं, माणसं चांगली. पुढे मी एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायला लागले, म्हणजे मुलांकडून पडद्यावर कौलारू घर आणि मागे सूर्य काढून घ्यायचे. यंत्रं बिघडली की कंपनीचा माणूस यायचा. शिक्षकांनी झाकण उघडायचं नाही असा नियम होता. दादा दुकानातून मोठ्या कंपनीत गेला, तिथून बंगळुरूला. तो तिथे बराच वर चढला आणि मला त्याचा हेवा वाटत नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल.

आता आम्ही अंबरनाथजवळ, पालेगावच्या एका नव्या बिल्डिंगमध्ये राहतो. जिथे आमच्या आजोळची माणसं भात लावायची तिथे लिफ्ट आहे. आप्पा माझ्याकडेच असतात. दादाच्या फ्लॅटमध्ये त्यांच्यासाठी जागा होत नाही. तीन खोल्या आहेत, पण त्यातली एक पाहुण्यांची आहे. आप्पांना आता ऐकू कमी येतं आणि आठवायचं तेवढं नेमकं आठवतं. कोणी आलं की सांगतात, ‘आमच्या अवीला लहानपणापासून कॉम्प्युटरमधलं फार. सिंध्याच्या पोरांना सापडलं नव्हतं ते त्याने काढलं.’ मी पोहे पुढे करते. सुरुवातीला मी दुरुस्ती करत असे. आता करत नाही, येणाऱ्याला काय त्याचं.

गेल्या महिन्यात पुतणीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला उल्हासनगरला गेले होते. कॅम्प दोनच्या त्या गल्लीत पाय आपोआप वळले. दुकान आता मोबाइलच्या कव्हरांचं आहे, नातू चालवतो, आणि आत पंख्याखाली खुर्चीत गोपशेठ बसलेला, अंगाने अर्धा उरलेला. मी नाव सांगितलं, अंबरनाथचं सांगितलं, आप्पांचं सांगितलं. त्याला काही उमजेना. मग मी म्हटलं, ‘मोडेम और माऊस लड़ रहे थे.’ तसा तो खुर्चीत सरळ झाला. ‘अरे, चिमटेवाली!’ म्हणाला. नातवाला बोलावून माझी ओळख करून दिली, चहा मागवला. आणि मग अगदी सहज, बशीत चहा ओतता ओतता त्याने विचारलं, ‘बेटी, तू आई क्यों नहीं? मैंने तेरे पप्पा को बोला था ना, दोनों को भेजो. लड़का काउंटर पे बैठेगा, लड़की अंदर टेबल पे. टेबल मैंने बनवा के रखा था. वो बोले, उसको शौक़ नहीं है.’

रिक्षात मी साड्यांची पिशवी धरून बसले होते. टेबल बनवून ठेवलं होतं, एवढंच डोक्यात. इतकी वर्षं मी समजत होते की जागा एकच होती आणि आप्पांनी ती मुलाला दिली. ते मी गिळलं होतं. त्या काळी सगळेच देत होते. जागा दोन होत्या हे मला ठाऊक नव्हतं.

घरी आले तेव्हा आप्पा टीव्हीसमोर होते. मी साड्या ठेवल्या आणि त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने म्हटलं, ‘गोपशेठ भेटले आप्पा. म्हणाले, दोघांनाही बोलावलं होतं.’ मला वाटलं, विचारतील कोण गोपशेठ. ते टीव्हीकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘बोलावलं होतं.’ लगेच पुढे म्हणाले, ‘दोघंही गेली असती तर तुझ्या आईला घरात कोण होतं? वाल सोलायचे तर तिची बोटं दुखायची.’ आवाज तसाच, शांत. म्हणजे लाइनीचा, नंबराचा कशाचाच संबंध नव्हता, आणि मी इतकी वर्षं त्यांच्या त्या वाक्यात तांत्रिक चूक शोधत बसले होते. आईला हे माहीत होतं की नाही, त्या करवंटीच्या आवाजात काय होतं, हे विचारायला आता आई नाही.

‘चहाचं बघ जरा,’ आप्पा म्हणाले. मी आत जाऊन चहा टाकला, त्यांच्या कपात ओतला, नेऊन दिला. त्यांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. ‘साखर नाही घातलीस?’ मी म्हटलं, ‘संपली आहे.’ ते तसाच पीत बसले. मी स्वयंपाकघरात येऊन फडताळ उघडलं. साखरेचा डबा काठोकाठ भरलेला होता. मी त्याचं झाकण घट्ट लावलं.